पाठवू की ठेवू? : यकृताच्या एका निकषाचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा मास्तर यकृतावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' हे नाडी बघणारं नव्हे. म्हणून उपचार कसे करावेत हे मी सांगणार नाही. पण 'आपल्याला एखादी गोष्ट कळली असं केव्हा म्हणायचं, आणि पुरतं कळलेलं नसताना निर्णय कसा घ्यायचा' हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला. त्या प्रश्नाचा जिवंत इतिहास वैद्यकात जितका सापडतो तितका आमच्या पोथ्यांत सापडत नाही.

प्रसंग असा समजा. मूलसारख्या तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात रात्री एक रुग्ण येतो. तापाची, अंगदुखीची साधी गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, प्रमाणाबाहेर घेतलेली. कुणी रागाच्या भरात घेतली असेल, कुणी दुखणं सोसवेना म्हणून चार दिवस जास्त जास्त घेत गेला असेल. रुग्ण स्वतःच्या पायाने चालत आला आहे. बोलतो आहे. थोडी मळमळ, बाकी काही नाही. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला ठरवायचं आहे: इथेच ठेवू, पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या चंद्रपूरला पाठवू, की थेट दीडशे किलोमीटर दूर नागपूरला, जिथे यकृताचे तज्ज्ञ आहेत?

पाठवू की ठेवू? या तीन शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगाला काही दशकं लागली. ती कशी लागली, हे आज बघू.

आधी औषधाची कुळकथा, थोडक्यात. पॅरासिटामॉल प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाले १८७८ साली, अमेरिकेत, हार्मन मोर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. त्याचा औषध म्हणून उपयोग करावा हे त्याच्या मनातही नव्हते. मग १८८६ मध्ये स्ट्रासबर्गला कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी एका रुग्णाला नॅफ्थलीन द्यायचे ठरवले, आणि दुकानातून चुकून भलतीच बाटली आली. रुग्णाचा ताप उतरला. बाटलीत होते अ‍ॅसिटॅनिलाइड. त्याच घराण्यातले पॅरासिटामॉल १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी रुग्णांवर वापरून पाहिले, पण त्याच्याबद्दल त्यांचे मत काही चांगले झाले नाही, आणि औषध अर्धशतक अडगळीत पडले. १९४८ मध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवले की अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचे पॅरासिटामॉलच होते, आणि ताप-वेदना उतरवण्याचे खरे काम तेच करते. म्हणजे साठ वर्षे लोक नोकराला पगार देत होते आणि काम त्याचा धाकटा भाऊ करत होता. १९५५-५६ पासून ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बाजारात आले. पोटाला त्रास नाही, लहान मुलांना चालते, स्वस्त. योग्य प्रमाणात ते आजही तितकेच चांगले औषध आहे, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर घरी जाऊन तुम्ही डबा रिकामा कराल.

१९६६ साली एडिंबरोच्या डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. पॅरासिटामॉलची मोठी मात्रा घेतलेले दोन रुग्ण, दोघेही यकृत जळून गेल्यासारखे होऊन दगावले. औषध बाजारात येऊन दहा वर्षे झाली होती.

एवढा वेळ का लागला? कारण हे विष वागते फसवे. पहिल्या दिवशी मळमळ, ओकारी. दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं! माणूस उठून बसतो, घरी जाऊ द्या म्हणतो. नातेवाईक म्हणतात, देवाने वाचवलं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, मग भ्रम, मग गुंगी. कारण आणि कार्य यांच्यामध्ये एक अख्खा शांत दिवस उभा आहे. आपली सगळी व्यवहारबुद्धी कारण-कार्य एकापाठोपाठ दिसण्यावर चालते. विंचू चावला की लगेच कळ येते. इथे कळ येतच नाही. 'रुग्ण कसा दिसतो' हा वैद्याचा सर्वांत जुना निकष इथे सपशेल निकामी ठरतो.

आत काय चाललेलं असतं ते १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मिचेल, जोलो आणि सहकाऱ्यांनी उलगडले. त्या लेखांवर, गंमत बघा, १९४८ च्या त्याच ब्रोडींचे नाव आहे. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निमूटपणे निकामी करून बाहेर टाकते. थोड्या भागातून मात्र एक उग्र पदार्थ तयार होतो. त्याला आवरायला यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. नेहमीच्या मात्रेला तो साठा पुरून उरतो. मात्रा फार झाली की साठा संपतो, आणि मग तो उग्र पदार्थ यकृताच्या पेशींवरच उलटतो. कोठीत धान्य आहे तोवर घरात दुष्काळ दिसत नाही, तसंच. उपाशी माणसाची, नेहमी दारू पिणाऱ्याची कोठी आधीच निम्मी रिकामी असते.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. आपण 'काळीज तुटलं' म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर काय मिळतं? यकृत. आपल्या पूर्वजांचं काळीज मुळात उजव्या बरगडीखाली होतं. ते डावीकडे कधी सरकलं कुणास ठाऊक.

असो. साठा संपतो हे कळल्यावर तो भरून काढायचा, हा उपाय उघड होता. एडिंबरोच्याच लॉरी प्रेस्कॉट यांनी त्यावर काम केले. छातीतला कफ पातळ करायला वापरले जाणारे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध त्यांनी शिरेतून द्यायला सुरुवात केली. १९७९ चे त्यांचे आकडे मला नेहमी थांबवतात. गोळ्या घेतल्यापासून दहा तासांच्या आत उतारा मिळालेल्या ६२ जणांपैकी यकृताला गंभीर इजा झाली फक्त एकाला. दहा तासांनंतर उतारा मिळालेल्या ३८ जणांपैकी इजा झाली २० जणांना. औषध तेच, दवाखाना तोच. फरक फक्त घड्याळाचा.

पण उतारा कुणाला द्यायचा? रुग्ण तर ठणठणीत दिसतो. याचे उत्तर देताना प्रेस्कॉट यांनी १९७१ मध्येच रक्तातले औषध अर्ध्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजले होते. चार तासांहून जास्त लागला तर यकृत धोक्यात. १९७५ मध्ये बॅरी रुमॅक आणि हेन्री मॅथ्यू यांनी ते आणखी सोपे केले. एक आलेख काढला. आडव्या अक्षावर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या अक्षावर रक्तातले प्रमाण, आणि मध्ये एक तिरकी रेघ. रेघेच्या वर असाल तर उतारा द्या. चौथ्या तासाला ही रेघ लिटरला २०० मिलिग्रॅमवर होती. अमेरिकेत ती सावधगिरी म्हणून १५० वर आणली, ब्रिटनने २०१२ मध्ये सर्वांसाठी १०० वर आणली. निसर्गात रेघ कुठेच नाही. ती माणसाने ओढली, आणि माणसानेच दोनदा खाली सरकवली.

इथे मला माझ्या विषयातलं एक जुनं कोडं आठवतं. ग्रीसमधल्या युबुलिडीसच्या नावावर ते सांगतात. धानाची रास आहे. एक दाणा काढला, रास राहिली का? राहिली. आणखी एक काढला? राहिली. असं करत गेलो तर नेमकी कोणत्या दाण्याला रास मोडली? मी हे कोडं या भागात शिकवायचो तेव्हा मुलं हसायची. खळ्यावर वाढलेल्या मुलांना ते कोडं वाटतच नसे. ती म्हणायची, सर, व्यापारी मोजून घेतो तेव्हा कुठेतरी काटा थांबवावाच लागतो. बरोबर आहे. काटा कुठे थांबवायचा हे दाणे सांगत नाहीत. चूक झाली तर कुणाचं किती नुकसान, हे सांगतं. विनाकारण उतारा दिला तर थोडी खाज, पुरळ, एखाद्याला दम लागतो. एक-दोन दिवस दवाखान्यात जातात. द्यायला हवा होता आणि दिला नाही, तर माणूस जातो. दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून रेघ खाली सरकली.

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत. ढग बघून पाऊस येणार असं म्हणणं हे पूर्ववत्. नदीचा पूर बघून वर पाऊस झाला असं म्हणणं हे शेषवत्. रुमॅक-मॅथ्यूची रेघ हे ढग बघणं आहे. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगेकाठच्या गावांना इशारा जातो, पाणी अंगणात यायच्या आधी. पण ज्यांच्याकडे इशारा पोचलाच नाही त्यांचं काय? जे रुग्ण दोन दिवसांनी, पूर घरात शिरल्यावर येतात, त्यांच्यासाठी रेघ उपयोगाची नाही.

आता लंडनला जाऊ. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉजर विल्यम्स यांनी १९६६ मध्ये यकृताचा स्वतंत्र विभाग सुरू केला. एडिंबरोचा तो लेख आला त्याच वर्षी. देशभरातून यकृत बंद पडलेले रुग्ण तिथे येऊ लागले. त्यातले निम्म्याहून अधिक मरत. काही मात्र वाचत, आणि वाचलेल्यांचे यकृत पुन्हा पूर्ववत वाढत असे. शरीरातला हा एकच मोठा अवयव इतका पुन्हा उभा राहतो. कोण वाचणार आणि कोण जाणार, हे आधी सांगता येत नसे. आणि सांगता आलं असतं तरी काय करणार होते? करण्यासारखं काही नव्हतंच. भाकितावर काही करता येत नसेल तर ते भाकीत म्हणजे नुसती उत्सुकता.

ते बदललं यकृत प्रत्यारोपणामुळे. स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत पहिला प्रयत्न केला, रॉय कॅल्न यांनी १९६८ मध्ये केंब्रिजला. सुरुवातीची वर्षं फार वाईट गेली. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर रुग्ण टिकू लागले. आणि मग एकदम तो प्रश्न धारदार झाला. ज्याचं यकृत चार दिवसांनी आपणहून बरं होणार होतं, त्याचं काढून दुसऱ्याचं बसवायचं? म्हणजे त्याला जन्मभराची औषधं द्यायची, आणि एक दुर्मिळ यकृत दुसऱ्या गरजूकडून हिरावून घ्यायचं. उलट, थांबलो आणि तो गेला तर? निर्णयाला मुदत किती, तर एक-दोन दिवस.

ओ'ग्रेडी, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८५ या काळातल्या ५८८ रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि त्यातून निकष तयार केले. मग ते पुढच्या १७५ रुग्णांवर ताडून पाहिले. १९८९ मध्ये ते छापून आले. आजही जगभर 'किंग्ज कॉलेज निकष' म्हणून तेच ओळखले जातात. पॅरासिटामॉलसाठी ते असे: शिरेतून द्रव देऊन सावरल्यावरही धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३० च्या खाली, म्हणजे रक्त आंबलेले, किंवा मग तीन गोष्टी एकत्र: रक्त गोठायचा वेळ, ज्याला प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणतात, तो १०० सेकंदांच्या वर, क्रिएटिनिन ३०० मायक्रोमोलच्या वर (आपल्या प्रयोगशाळेच्या भाषेत सुमारे ३.४ मिलिग्रॅम), आणि मेंदूवर तिसऱ्या-चौथ्या पायरीची गुंगी. पुढे २००२ मध्ये बर्नाल यांनी त्यात रक्तातल्या लॅक्टेटची भर सुचवली.

या नोंदींचं खरं मोल कशात होतं सांगतो. ते रुग्ण प्रत्यारोपणाविना, फक्त औषधोपचारावर ठेवलेले होते. त्यामुळे 'आपण काही केलं नाही तर काय होतं' हे दिसलं. आज निकष भरला की प्रत्यारोपण होतं, आणि मग त्या रुग्णाचं तसंच ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच कधी कळत नाही. न घडलेल्या गोष्टीचं ज्ञान हा आमच्या शास्त्रातला जुना काटा आहे.

आता मी ज्यासाठी इतका वेळ घेतला तो मुद्दा. धूर दिसला की अग्नी आहे, हे आपण नेहमी ऐकतो. याचं उलट खरं आहे का? अग्नी असला की धूर असतोच का? नैयायिकांनी इथे एक सुंदर उदाहरण दिलं आहे: अयोगोलक, तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा. लोहाराच्या भात्यापुढचा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणून धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, हे सिद्ध होत नाही.

किंग्ज निकष म्हणजे धूर आहे. तो दिसला तर रुग्ण बहुधा प्रत्यारोपणाशिवाय वाचत नाही. इथे निकष फार क्वचित चुकतो. नंतरच्या अभ्यासांनी सगळे मिळून पाहिले तेव्हा ही बाजू नव्वद टक्क्यांच्या पुढे निघाली. पण मेलेल्या रुग्णांपैकी किती जणांत निकष आधी भरला होता, हे पाहिले तर आकडा साठीच्या आसपास घुटमळतो. म्हणजे बऱ्याच जणांच्या बाबतीत गोळा लाल होता, धूर नव्हता.

हे लंडनच्या त्या विभागाला माहीत होतं. त्यांचा प्रश्नच वेगळा होता: कुणाचं यकृत बदलायचं? पण वैद्यकाची पुस्तकं वाचून परीक्षा दिलेला जो तरुण तालुक्याच्या गावी बसला आहे, त्याचा प्रश्न तो नाही. त्याचा प्रश्न आहे: कुणाबद्दल फोन करायचा? कुणाला हलवायचं? पहिल्या प्रश्नासाठी बनवलेला निकष दुसऱ्या प्रश्नाला लावला, आणि 'अजून पीएच पडला नाही, अजून गुंगी नाही' म्हणून वाट बघितली, तर तो निकष भरेल तेव्हा रुग्ण प्रवासाच्या लायकीचा उरलेला नसेल. मोठ्या गुंगीतल्या रुग्णाच्या मेंदूला सूज असते. अशा माणसाला तीन-चार तास गाडीतून न्यायचं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही.

म्हणून किंग्जच्याच मंडळींनी पाठवण्यासाठी वेगळी, बरीच खालची पायरी सांगितली. दुसऱ्या दिवशीच रक्त गोठायचा वेळ ५० सेकंदांच्या वर किंवा आयएनआर ३ च्या वर. तिसऱ्या दिवशी ७५ सेकंद किंवा ४.५, चौथ्या दिवशी १०० सेकंद किंवा ६, किंवा कोणताही आकडा असो, तो अजून चढतच असेल तर. शिवाय लघवी कमी होणे, साखर एकदम उतरणे, क्रिएटिनिन चढणे, थोडासाही भ्रम. याहून सोपा एक ठोकताळा ब्रिटनच्या वॉर्डांत चालत आला आहे: प्रोथ्रॉम्बिन टाइमचे सेकंद हे गोळ्या घेतल्यापासूनच्या तासांपेक्षा जास्त झाले, तर तज्ज्ञाला फोन लावा. छत्तीस तास झाले आणि वेळ चाळीस सेकंद? फोन. ठोकताळाच आहे, प्रयोगशाळा बदलली की सेकंदही थोडे बदलतात. पण मला तो फार आवडतो. रात्री तीन वाजता वापरता येईल असा निकष, आणि त्याला लागतं काय? एक रक्ताची चाचणी आणि एक घड्याळ. रक्तातलं पॅरासिटामॉल मोजायची सोय तालुक्याला मिळणं अवघड. ही चाचणी त्या मानाने हाताशी असते.

इथे एक खाचखळगा आहे. रक्त गोठत नाही असं दिसलं की प्लाझ्मा द्यावासा वाटतो. रक्तस्राव होत असेल तर द्यावाच लागतो. पण नुसता आकडा सुधारावा म्हणून दिला तर आकडा सुधारतो आणि यकृत तसंच राहतं. होकायंत्राची सुई बोटाने उत्तरेकडे फिरवण्यासारखं आहे. पुढचा डॉक्टर त्या सुईवरच विसंबणार असतो.

आणि एक, उशीर झाला म्हणून उतारा सोडायचा नाही. १९९१ मध्ये कीझ आणि सहकाऱ्यांनी किंग्जमध्येच ५० रुग्णांवर हे तपासले. सर्वांचे यकृत आधीच बंद पडलेले. उतारा मिळालेल्या २५ पैकी १२ वाचले, न मिळालेल्या २५ पैकी ५. तेव्हा 'पाठवू की ठेवू' चा अर्थ 'उतारा की गाडी' असा नाही. उतारा सुरू करून गाडी.

आता आपल्याकडे येऊ. भारतात यकृत अचानक बंद पडण्याची कारणं मुख्यतः वेगळी आहेत: दूषित पाण्यातून येणारी अ आणि इ प्रकारची कावीळ, टीबीची काही औषधं, आणि विषबाधांमध्ये उंदीर मारायची फॉस्फरसयुक्त पेस्ट. त्या पेस्टचीही तीच लबाडी: मधले दोन दिवस शांत. रुग्ण बरा दिसतो म्हणून घरी नेऊ नका, हे वाक्य तिथे दुप्पट लागू आहे.

पॅरासिटामॉलचा आपल्या दोन जिल्ह्यांपुरता एक खास मुद्दा आहे आणि तो पाश्चात्त्य पुस्तकांत नसतो. सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिले. चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी हा शब्द माहीत आहे. या आजारात हाडं ठणकतात, दिवसेंदिवस ठणकतात, आणि हाताशी असते ती हीच गोळी. एकदम नव्हे, थोडी थोडी, पण रोज जास्त. अशा वेळी रुमॅक-मॅथ्यूची रेघ चालत नाही, कारण तिला 'गोळ्या घेतल्याची एक वेळ' लागते, आणि इथे वेळ एक नाहीच. दुसरं, सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे रक्तपेशी फुटत असल्याने आधीच पिवळसर असतात. आई म्हणते, "हे तं नेहमीचंच आहे." ती खरं बोलते, आणि तरीही त्या पिवळेपणाखाली यकृताचा पिवळेपणा लपू शकतो. इथे डोळ्यांवर विसंबू नये. रक्त गोठायची चाचणी करावी.

मग अंतर. मूलहून नागपूर दीडशे किलोमीटर, आणि नागपुरात गेल्या काही वर्षांत यकृत प्रत्यारोपण होऊ लागलं आहे. देशातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण दिल्लीत १९९८ मध्ये झालं, हे लक्षात घेतलं तर ही मोठीच मजल आहे. पण मूल म्हणजे जंगलाचं तोंड. भामरागडच्या माणसाला गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, आणि पर्लकोटेला पूर आला की तेही नाही. लंडनच्या निकषात अंतराचा रकाना नाही, कारण तिथे त्याची गरज पडली नाही. आपल्याला तो घालावा लागेल. ज्या आकड्याला मूलच्या डॉक्टरने फोन करावा, त्याच्या कितीतरी आधी भामरागडच्या डॉक्टरने करावा, आणि पावसाळ्यात त्याहून आधी. धान बांधीतून कधी उचलायचं हे दाण्याच्या रंगावर ठरतं तसंच आभाळावरही ठरतं.

आपल्याकडे लवकर कळवण्याला आणखी एक कारण आहे. इथे बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकाकडून येतात. १९९४ चा कायदा आहे, त्याची कागदपत्रं आहेत, दात्याच्या तपासण्या आहेत. भाऊ देणार की बायको, हे ठरायला घर एकत्र बसावं लागतं. आणि स्वतः रुग्णाशी बोलायचं असतं: त्याने हे का केलं, त्याला काय हवं आहे. गुंगी चढल्यावर त्याला विचारता येत नाही. तो शांत दिवस, ज्याला मी मघापासून फसवा म्हणतो आहे, तोच एक दिवस असा आहे की जेव्हा त्याच्याशी बोलता येतं.

आणि शेवटी जो उशीर कोणत्याच आलेखात मावत नाही तो. घरचे लपवतात. "पोलीस केस होईल" म्हणून लपवतात, सासरच्या अब्रूसाठी लपवतात, दवाखान्यात नेलं तरी 'काहीतरी खाण्यात आलं' म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ पासून लागू आहे, असं धरलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलमच राहिलं नाही. दवाखान्यात नोंद होते, ती होऊ द्या. त्या नोंदीच्या भीतीने प्रेस्कॉटचे दहा तास जातात.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून प्रश्न आला: घरी कळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढावी का?)

नाही. मिठाचं पाणी नको, लिंबू-ताक नको, आणि 'बरा दिसतो, सकाळी बघू' हेही नको. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी असेल तिने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पोटातलं औषध शोषून घेणारा कोळसा द्यायचा की नाही, हे तिथे ठरवतील. त्याला सुरुवातीचा एखादा तासच असतो. सोबत रिकामी पाकिटं न्या, सगळी, उशाखालची आणि केरातलीसुद्धा. आणि कागदावर एक गोष्ट लिहून न्या: पहिली गोळी केव्हा, शेवटची केव्हा. नक्की माहीत नसेल तर 'संध्याकाळी गाई परतल्या तेव्हा तो ठीक होता' एवढं लिहा, डॉक्टर त्यावरून हिशेब करेल. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि त्या रात्री 'का केलंस' असं विचारू नका. ते विचारायला १४४१६ वर टेली-मानसची माणसं आहेत, दिवसा आणि रात्री, मराठीतून बोलणारी. तुमच्यापैकी कुणाला स्वतःसाठी लागला तरी तोच नंबर आहे.

आता पुढचा प्रश्न घेऊ.